आरशाची चूकही शिकवा

सरळ कडेच्या स्टीलच्या पातेल्यात बोटभर दूध घ्यावं आणि ते सकाळच्या तिरप्या उन्हात ठेवावं. दुधावर एक उजळ नक्षी उमटते. पातेल्याच्या दोन बाजूंनी निघालेल्या दोन चमकत्या कमानी आत वळत येतात आणि एका टोकदार जागी एकमेकींना मिळतात. पातेल्याची आतली भिंत इथे अंतर्वक्र आरशाचं काम करते. सूर्य फार दूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, समोरच्या भिंतीवर परावर्तित होतात आणि दुधावर पडतात. नववीचा प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा सांगतो की मुख्य अक्षाला समांतर येणारे किरण अंतर्वक्र आरशावरून परावर्तित झाले की मुख्य नाभी या एका बिंदूत एकत्र येतात. ते सगळे खरोखर एका बिंदूत आले असते तर दुधावर एक ठिपका दिसला असता. दिसते ती टोक असलेली जोडकमान. ते टोक मात्र पुस्तक जिथे नाभी दाखवतं तिथेच असतं, भिंतीपासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर. म्हणजे पुस्तकाचं म्हणणं टोकापुरतं खरं आहे, आणि त्याला जोडलेल्या दोन लांब कमानींबद्दल पुस्तक गप्प आहे. माझा आग्रह असा की वक्र आरशांचा धडा या कमानींपासून सुरू व्हावा. गोलीय आरसा किरणांना एका बिंदूत आणत नाही, पण काही मर्यादेत जवळजवळ आणतो, आणि ती मर्यादा मोजता येते. हे कळलेल्या मुलाला प्रतिमांचा तक्ता पाठ असलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त भौतिकशास्त्र कळलेलं असतं.

आज हा धडा कसा शिकवला जातो ते आधी पाहू. ध्रुव, वक्रता मध्य, वक्रता त्रिज्या, नाभीय अंतर अशा व्याख्या होतात. नाभीय अंतर वक्रता त्रिज्येच्या निम्मं, हे सूत्र येतं. मग वस्तू अनंत अंतरावर, वक्रता मध्याच्या पलीकडे, वक्रता मध्यावर, वक्रता मध्य आणि नाभी यांच्या दरम्यान, नाभीवर, नाभी आणि ध्रुव यांच्या दरम्यान, अशा सहा स्थितींचा तक्ता येतो. प्रत्येक ओळीत प्रतिमा कुठे, वास्तव की आभासी, सुलट की उलट, लहान की मोठी. पुढे आरशाचं सूत्र, चिन्ह संकेत आणि उदाहरणं. यातलं काहीही चूक नाही. काही पुस्तकं मर्यादेचा उल्लेखही करतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात, ज्यांचा दर्शनी व्यास वक्रता त्रिज्येच्या मानाने बराच लहान आहे अशाच आरशांचा आपण विचार करणार आहोत, अशा अर्थाचं वाक्य आहे. अडचण अशी की त्या वाक्यावर धडा कधी थांबत नाही. व्यास लहानच का, किती लहान, आणि मोठा घेतला तर काय बिघडतं, हे कुणी विचारत नाही, परीक्षेतही येत नाही. मूल ते वाक्य ओलांडून तक्त्याकडे जातं आणि नाभी हा आरशाचा एक भाग आहे, जणू कारखान्यातून तो बिंदू आरशासोबतच येतो, अशी समजूत घेऊन शाळेबाहेर पडतं.

हे सगळं चौदा वर्षांच्या मुलांना झेपेल का, असा पहिला आक्षेप येणार हे उघड आहे. त्याला उत्तर म्हणून सिद्धताच मांडतो, कारण तिला शाळेतल्या भूमितीपलीकडचं काहीही लागत नाही. कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. त्याचं केंद्र म्हणजे वक्रता मध्य, आणि त्यातून जाणारी आडवी रेघ म्हणजे मुख्य अक्ष. अक्षाला समांतर असा एक किरण कंसापर्यंत न्या. जिथे तो टेकतो तिथून वक्रता मध्यापर्यंतची रेघ ही त्या जागची स्तंभिका, कारण वर्तुळाची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. किरण स्तंभिकेशी जेवढा कोन करून आला तेवढाच कोन करून परततो आणि अक्षाला कुठेतरी छेदतो. आता वक्रता मध्य, आपतन बिंदू आणि हा छेदनबिंदू यांचा त्रिकोण पाहा. आपाती किरण आणि अक्ष समांतर असल्यामुळे व्युत्क्रम कोन समान, म्हणून वक्रता मध्यापाशी होणारा कोनही आपतन कोनाएवढाच. त्रिकोण समद्विभुज झाला: वक्रता मध्य ते छेदनबिंदू आणि छेदनबिंदू ते आपतन बिंदू ही दोन अंतरं सारखी. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असतेच, आणि इथे तिसरी बाजू म्हणजे त्रिज्या. म्हणून त्या दोन समान बाजूंपैकी प्रत्येक बाजू निम्म्या त्रिज्येहून मोठी. म्हणजे छेदनबिंदू वक्रता मध्यापासून निम्म्या त्रिज्येच्या पलीकडे, नाभीपेक्षा आरशाच्या अधिक जवळ पडतो. अक्षावरूनच येणारा एक किरण सोडला, तर गोलीय आरशावरून परतणारा एकही समांतर किरण पुस्तकातल्या नाभीतून नेमका जात नाही.

ही चूक केवढी, तेही त्याच कागदावर कळतं. अक्षापासून १ सेंटिमीटर उंचीवरून येणारा किरण ध्रुवापासून ४.९७ सेंटिमीटरवर अक्षाला छेदतो. पुस्तकातली नाभी ५ सेंटिमीटरवर आहे. फरक पाव मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या रेघेत बुडून जाईल इतका. उंची ६ सेंटिमीटर केली की पायथागोरसच्या प्रमेयाने सुटसुटीत उत्तर येतं, ३.७५ सेंटिमीटर. आता फरक सव्वा सेंटिमीटर झाला. ८ सेंटिमीटर उंचीचा किरण ध्रुवापासून अवघ्या १.६७ सेंटिमीटरवर अक्ष ओलांडतो, आणि स्तंभिकेशी ६० अंशांचा कोन करणारा किरण थेट ध्रुवावरच येऊन आदळतो. असे वीसेक किरण काढले की परतणाऱ्या रेघांच्या गर्दीतून पातेल्यातली तीच जोडकमान कागदावर उमटते. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात या वक्राचा विचार केला होता. गोलीय आरशाच्या या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यामागचं गणित कंपासपेटीच्या आवाक्यातलं आहे. ते बारावीनंतरच्या अभ्यासक्रमासाठी राखून ठेवण्याचं मला एकही पटणारं कारण दिसत नाही.

या दोषामागे किती मोठा इतिहास उभा आहे हे पाहिलं की तो वगळण्याची किंमत कळते. ख्रिस्तपूर्व २०० च्या आसपास डायोक्लिस या ग्रीक गणितज्ञाने सूर्यकिरण एकवटून आग पेटवणाऱ्या आरशांवर ग्रंथ लिहिला, आणि समांतर किरणांना खरोखर एका बिंदूत आणणारा आकार अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) असतो हे सिद्ध केलं. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला, आपल्यापर्यंत तो अरबी भाषांतरातून पोचला. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत इब्न अल-हैथमने गोलीय आणि अन्वस्तीय अशा दोन्ही ज्वालक आरशांवर स्वतंत्र लेखन केलं. म्हणजे उत्तर माहीत होतं. ते काचेत किंवा धातूत उतरवायचं कसं, हे माहीत नव्हतं. १६६३ साली जेम्स ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाने अन्वस्तीय आरशाच्या दुर्बिणीची रचना छापली, पण तो आकार घासून देणारा कारागीर त्याला लंडनमध्ये मिळाला नाही. पाच वर्षांनी न्यूटनने आरशाची पहिली चालणारी दुर्बीण बनवली ती गोलीय आरसा वापरूनच. तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा तो आरसा जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर रुंद होता. एवढ्या लहान आरशात गोल आणि अन्वस्त यांतला फरक क्षुल्लक असतो, म्हणून ती दुर्बीण चालली. मोठ्या आरशाला अन्वस्ताचा आकार देऊन त्याची परीक्षा करण्याचं काम १७२१ साली जॉन हॅडलीने सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाच्या आरशावर करून दाखवलं. ग्रेगरीच्या कागदावरच्या रचनेपासून हॅडलीच्या आरशापर्यंत ५८ वर्षं गेली. ती सगळी वर्षं आपण वर्गात एका वाक्यात ओलांडतो त्या मर्यादेशी झगडण्यात गेली.

गोल आकाराचं एवढं प्रस्थ का, याचं उत्तर आरसा घासणाऱ्याच्या हाताखाली मिळतं. काचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर ठेवून, मध्ये घासपूड आणि पाणी घालून, सगळ्या दिशांनी फिरवत घासत राहिलं की वरची तबकडी खोलगट आणि खालची फुगीर होते, आणि दोन्ही पृष्ठभाग आपोआप गोलाचे भाग बनतात. कारण कसेही सरकवले, फिरवले तरी सगळीकडे एकमेकांना चिकटून राहणारे पृष्ठभाग गोलीयच असू शकतात. पुण्यात आयुकाच्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांतून आणि देशभरच्या हौशी खगोलमंडळांतून आजही आरसे याच पद्धतीने घासले जातात. गोल हाती आला की अन्वस्तापर्यंत जायला किती काच काढावी लागते? १५ सेंटिमीटर व्यास आणि १.२ मीटर नाभीय अंतराच्या आरशात, मधोमध जुळवून पाहिलं तर, गोल आणि अन्वस्त यांच्यात कडेपाशी पडणारं अंतर सुमारे ०.२९ मायक्रोमीटर भरतं. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हे निम्मं. उथळ आरशाला म्हणूनच गोल जवळपास पुरतो. आरसा त्याच व्यासाचा ठेवून नाभीय अंतर निम्मं केलं की हा फरक आठपट होतो, कारण तो वक्रता त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ‘किती’ हा प्रश्न इथे कौशल्याचा, वेळेचा आणि पैशाचा प्रश्न होतो. वर्गात शिकवलेल्या नाभीला यातलं काहीच चिकटलेलं नसतं.

हा प्रश्न चुकला की काय होतं याचं उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं आहे. हबल अवकाश दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा त्या काळापर्यंत घडवलेल्या सर्वांत गुळगुळीत आरशांपैकी एक होता. पहिल्या प्रतिमा आल्या आणि ताऱ्यांभोवती धूसर वलयं दिसली. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ज्या छोट्याशा गाभ्यात यायला हवा होता तिथे जेमतेम १५ टक्के येत होता. चौकशीत निघालं की आरशाची कड ठरल्यापेक्षा २.२ मायक्रोमीटरने सपाट घासली गेली होती. आकार घासताना तपासणीसाठी वापरलेल्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, आणि आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम अत्यंत अचूक घासला गेला. परिणाम गोलीय विपथनाचा, पातेल्यातल्या कमानी घडवणाराच दोष. या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील वेगळा आहे. तुलनेने साध्या अशा दुसऱ्या तपासणी उपकरणांनी दोष दाखवला होता. मुख्य उपकरण अधिक अचूक मानलं जात असल्यामुळे ती मापं बाजूला ठेवली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन नवा कॅमेरा आणि दुरुस्तीचं उपकरण बसवलं. त्यांतल्या लहान आरशांना मुख्य आरशाच्या चुकीच्या नेमका उलट दोष मुद्दाम दिलेला होता. चूक किती हे अचूक ठाऊक होतं, म्हणूनच ती पुसता आली. प्रतिमांचा सहा ओळींचा तक्ता पाठ असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला या दुरुस्तीतलं मर्म कळणार नाही. वर सांगितलेला एक त्रिकोण काढलेल्या विद्यार्थ्याला कळेल.

महाराष्ट्रात याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकार अन्वस्ताचा, पण जवळ जाऊन पाहिलं तर आरसा म्हणावा असं काही दिसत नाही. ताणलेल्या तारांची जाळी आहे, आरपार आकाश दिसतं, आणि अन्वस्ताची वक्रताही सपाट तुकडे जोडून साधलेली आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांच्या आधारावर जाळी ताणण्याची ही रचना काढली आणि वजन, वाऱ्याचा भार व खर्च एकदमच खाली आणला. हे चाललं, कारण ही दुर्बीण मुळात ज्या लहरींसाठी बांधली गेली त्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून २ मीटरपर्यंत आहे. आरशाचा खडबडीतपणा तरंगलांबीच्या साधारण विसाव्या हिश्शात राहिला तर लहरीला तो जाणवत नाही. २१ सेंटिमीटरच्या लहरीसाठी म्हणजे सेंटिमीटरभर उणंअधिक चालतं. हबलला २.२ मायक्रोमीटर चालले नाहीत. हबलचा आरसा चांगला आणि खोडदची जाळी कच्ची, असं कुणी म्हटलं तर ते भौतिकशास्त्र न समजण्याचं लक्षण ठरेल. दोन्हींना एकच नियम लागू आहे, आणि तो नियम आपल्या नववीच्या पुस्तकातून हजारो मुलं शिकतात त्या नाभीच्या बिंदूत मावत नाही.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की मग मुलांना सरळ अन्वस्तीय आरसाच शिकवावा, गोल सोडून द्यावा. तसंही नाही. अन्वस्त अचूक असतो तो अक्षाला समांतर येणाऱ्या किरणांपुरता. तारा अक्षापासून थोडा बाजूला गेला की त्याची प्रतिमा शेपूट फुटल्यासारखी ओघळते. गोलाला मात्र खास असा एक अक्षच नसतो. केंद्रातून काढलेली कोणतीही रेघ त्याचा अक्ष होऊ शकते, म्हणून कुठल्याही दिशेने येणाऱ्या किरणांशी तो सारखाच वागतो. ही त्याची ताकद पोर्टो रिकोमधल्या आरेसिबो दुर्बिणीने वापरली. १९६३ साली तिथे चुनखडीच्या नैसर्गिक खळग्यात ३०५ मीटर व्यासाची तबकडी बांधली गेली. एवढी तबकडी वळवणं अशक्य, म्हणून ती जमिनीवर स्थिर ठेवली आणि गोलीय केली. वर टांगलेला ग्राहक हलवला की आकाशाचा दुसरा भाग दिसायचा. किरण एका बिंदूत येत नाहीत, अक्षावर एका रेषेत पसरतात, हे गृहीत धरून लांब दांड्यासारखे ग्राहक त्या रेषेवर बसवलेले होते. १९९७ मध्ये त्यांच्या जोडीला दोन जादा परावर्तक आले आणि पसरलेल्या लहरी पुन्हा एका बिंदूत आणल्या गेल्या. १९७४ साली हल्स आणि टेलर यांना पहिला जोडपल्सार याच तबकडीने दाखवला, आणि १९९३ चं नोबेल पारितोषिक त्या शोधाला मिळालं. १ डिसेंबर २०२० रोजी ती कोसळेपर्यंत जगातला एक अतिशय कामाचा आरसा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘सदोष’ होता. आपल्या देशात ऑरोविलच्या सामुदायिक स्वयंपाकघराच्या छतावर १५ मीटर व्यासाचा गोलीय आरसा आहे. तोही जागचा हलत नाही. सूर्य सरकतो तशी फक्त त्यातली ग्राहक नळी सरकते, आणि तिच्यात तयार झालेल्या वाफेवर अन्न शिजतं. गोलीय आरसा सूर्याला बिंदूत आणत नाही, रेषेत आणतो, हे ज्याला माहीत नाही त्याला ही नळी लांबट का केली आहे ते कधीच कळणार नाही.

बहिर्वक्र आरशाची गोष्ट दोन-चार गणितांत उरकते, पण ती रोज रस्त्यावर घडते. तक्ता सांगतो: प्रतिमा आरशाच्या मागे, ध्रुव आणि नाभी यांच्या दरम्यान, आभासी, सुलट, वस्तूपेक्षा लहान. सगळं खरं. समजा मोटारीच्या डाव्या बाजूच्या आरशाची वक्रता त्रिज्या १.३ मीटर आहे, चालकाचा डोळा त्यापासून १ मीटरवर आहे आणि मागून २० मीटरवर एक बस येते आहे. सूत्राप्रमाणे बसची प्रतिमा आरशामागे अवघ्या ६३ सेंटिमीटरवर, सुमारे ३२ पट लहान. प्रतिमा इतकी जवळ असूनही चालकाला बस लांब वाटते, कारण ओळखीच्या वस्तूचं अंतर आपण तिच्या भासणाऱ्या आकारावरून ठरवतो. या आरशात बस जेवढी दिसते तेवढी ती सपाट आरशात दिसायला सुमारे ५२ मीटर लांबून दिसावी लागेल. २० मीटरवरची बस ५० मीटरवर आहे असं मानून कुणी मार्गिका बदलली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ‘दिसतं त्यापेक्षा वाहन जवळ आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी इशारा या आरशांवर कोरलेला असतो. किती जवळ, हे तो सांगत नाही, आणि आपला धडाही सांगत नाही, जरी ते सांगायला लागणारं सूत्र त्याच धड्यात असतं. घाटातल्या वळणांवर लावलेल्या फुगीर आरशांनाही हेच लागू आहे. दृश्य जितकं रुंद मिळतं तितकं अंतराचं भान कमी होतं. या व्यवहारातली देवाणघेवाण मुलांना चालकाच्या जागेवर बसण्याआधी कळायला हवी.

आता उरलेले आक्षेप. शिकवताना सोपं करावंच लागतं, प्रत्येक नियमाला अपवाद जोडत बसलं तर मूल गोंधळून जाईल, असं अनुभवी शिक्षकही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आदर्श आरसा गृहीत धरल्याशिवाय आरशाचं सूत्र सांगताच येणार नाही. माझा विरोध सोपं करण्याला नाही. सोपं केलं आहे हे लपवण्याला आहे. ‘अक्षाजवळचे किरण घेतले तर’ एवढी अट तोंडाने म्हणून पुढे जाणं आणि ती अट मोडली की काय होतं ते एकदा कागदावर दाखवणं, यांत फार तर एका तासिकेचा फरक आहे. गोंधळ उलट आज होतो. प्रयोगशाळेतल्या बऱ्यापैकी खोलगट आरशाने खिडकीची प्रतिमा पडद्यावर घेताना ती कधीच कडेपर्यंत लख्ख येत नाही, आणि मुलाला वाटतं की आपलाच हात चुकला. आरशावर मध्ये भोक असलेला काळा कागद लावून फक्त मधला भाग उघडा ठेवला की प्रतिमा मंद होते पण रेखीव होते. हा प्रयोग करायला कागद आणि कात्री पुरतात. साधनं नाहीत, हा आक्षेप म्हणून मला फारसा जड वाटत नाही. जिथे आरसाही नाही तिथे पातेलं आहे, ऊन आहे.

अभ्यासक्रमात जागा नाही, हा आक्षेप जास्त खरा आहे. शिक्षकांवर आधीच बोजा आहे आणि त्यात आणखी एक घटक टाकणं हा सोपा आणि वाईट मार्ग आहे. म्हणून मी घालण्याबरोबर काढण्याचंही सुचवतो. सहा स्थितींचा तक्ता पाठ करायला लावणं बंद करावं. आरशाच्या सूत्रात नाभीय अंतर १० सेंटिमीटर धरून वस्तूचं अंतर ४०, २०, १५, ५ असं बदलत गेलं की तक्त्यातल्या ओळी आपोआप निघतात, चिन्हांवरून वास्तव आणि आभासी कळतं, विशालनावरून लहान आणि मोठं कळतं. जे मिनिटाभरात काढता येतं ते पाठ करण्यात गेलेला वेळ वाचवला तर त्रिकोणाची सिद्धता आणि कागदावरची कमान त्यात सहज बसते. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना याचा काय उपयोग, असंही विचारलं जातं. तक्त्याचा तरी त्यांना काय उपयोग होतो? सूत्र कुठवर लागू पडतं हे विचारण्याची सवय मात्र औषधाचं प्रमाण मोजताना, सौर चूल घेताना, विम्याचं कोष्टक वाचताना कामी येते. आणि पुस्तकातलं वाक्य अपुरं आहे असं दाखवलं तर मुलांचा पुस्तकावरचा विश्वास उडेल, ही भीती मला सर्वांत दुबळी वाटते. स्वतःची मर्यादा स्वतः सांगणारं पुस्तक अधिक विश्वासाचं असतं. हबलच्या वेळी विश्वास ठेवण्याचीच अडचण झाली होती.

खरा अडसर परीक्षेचा आहे, कारण जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तकं बदलण्याचं काम पहिलीपासून सुरू झालं आहे. नववीच्या पुस्तकाची पाळी येईल तेव्हा प्रकाशाच्या धड्यात एक प्रश्न घालावा, आणि तो परीक्षेतही यावा: १० सेंटिमीटर त्रिज्येचा अंतर्वक्र कंस काढा, मुख्य अक्षापासून १ सेंटिमीटर आणि ६ सेंटिमीटर उंचीवर अक्षाला समांतर दोन किरण काढा, कोनमापकाने परावर्तित किरण काढा, ते अक्षाला कुठे छेदतात ते मोजा आणि दोन उत्तरं वेगळी का आली ते दोन वाक्यांत लिहा. दुसऱ्या किरणाचं गणिती उत्तर ३.७५ सेंटिमीटर आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना दिलेल्या सूचनांत ३.६ ते ३.९ मधल्या कोणत्याही उत्तराला पूर्ण गुण द्यावेत असं लिहावं लागेल, कारण ते उत्तर मुलाने मोजून काढलेलं असेल, आणि अगदी ५ लिहिणाऱ्याला गुण देता येणार नाहीत.